पालखी उठायची धून

गुरुजींनी तिची बासरी ओठाला लावली.

अनघा क्लासला येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. रत्नागिरीतल्या नावाजलेल्या वकिलांची मुलगी. नवी कोरी बासरी, तिला शिवलेली मखमली पिशवी. तिचा मध्यम काही केल्या लागत नव्हता. गुरुजी म्हणाले, "दे इकडे." तिने दिली. त्यांनी उपरण्याच्या टोकाने बासरीचं तोंड पुसलं, डोळे मिटले आणि तिच्याच बासरीवर तिला तो सूर लावून दाखवला. "असा. कळलं?" ती म्हणाली, "हो." तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. विशेष वाटण्यासारखं त्यात काही नव्हतंच. बासरीचे गुरू असंच शिकवतात. शिष्याची बासरी घेतात, वाजवून दाखवतात, परत देतात.

माझी कधी घेतली नव्हती.

त्या ओटीवर मी अनघाच्या कितीतरी आधीपासून बसत होते. तोवर मी एकटीच मुलगी, बाकी सगळे मुलगे. मुलग्यांच्या बासऱ्या गुरुजी सर्रास घ्यायचे. माझ्यापाशी आले की हात मांडीवर. "मी गाऊन दाखवतो," म्हणायचे. आणि मी मूर्ख काय समजत होते? मी मुलगी आहे म्हणून. मुलीच्या ओठाची बासरी परक्या पुरुषाने ओठाला कशी लावायची, म्हणून. मला त्याचं कौतुक वाटायचं. घरी जाऊन आईला सांगायचे, गुरुजी फार मर्यादेने वागतात. आई म्हणायची, "मोठी मानसा ती, बाय."

अनघाही मुलगीच होती की.

मी पंधरा वर्षांची होते. त्या वयात माणूस लगेच विश्वास ठेवत नाही. वाटलं, चुकून झालं असेल, सवयीने झालं असेल. म्हणून पुढच्या वेळी मी मुद्दाम विचारलं. "गुरुजी, माझा पंचम बघा ना. नीट लागत नाही." आणि बासरी दोन्ही हातांनी पुढे केली, देवापुढे नारळ धरतात तशी. गुरुजींनी बासरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ठेव ती खाली. मी गाऊन दाखवतो."

सगळी पोरं बघत होती. मी बासरी खाली ठेवली. त्यांनी गाऊन दाखवलं. छान गायले.

निघताना काकू दारात भेटल्या. काकू म्हणजे गुरुजींच्या पत्नी. सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस हो. त्यांचं जरा सोवळं-ओवळं असतं. तोंडाला लावायची वस्तू ना ती." फार मायेने म्हणाल्या. तेच वाईट झालं. चिडून बोलल्या असत्या तर मला चिडता तरी आलं असतं. मी मान डोलावली, चप्पल घातली आणि एसटी स्टँडपर्यंत रडत गेले.

आम्ही वाजंत्री. जातीचं नाव वेगळं आहे, दाखल्यावर ते आहेही. पण गावात आम्हाला वाजंत्रीच म्हणतात आणि तेवढ्यात ज्याला जे समजायचं ते समजतं. बाबा गावच्या देवळात सनई वाजवायचे. सकाळी देव उठवायला, संध्याकाळी आरतीला, लग्नसराईत मांडवाच्या दारात, शिमग्यात पालखीपुढे. आमच्या सनईशिवाय गावाची पालखी जागची हलत नसे. पण वाजवणाऱ्याची जागा सभामंडपाच्या पायरीखाली. पावसात तिथे पत्रा घालून दिला होता, तेही उपकार म्हणून बोलून दाखवायचे.

मुलीने सनईला हात लावायचा नाही, हा नियम मात्र आमचा आमच्यातलाच. सोवळं काय फक्त गुरुजींच्या आळीतच असतं असं नाही. म्हणून बाबांनी मला जत्रेतून बासरी आणून दिली, लाल रिबीन बांधलेली. ते पडवीत सनई घेऊन बसले की मी समोर बसायचे. सनईच्या जोडीला एकजण नुसता एकच सूर धरून बसतो. ते काम माझं. पुढे पुढे मी सूर सोडून त्यांच्या मागे मागे जायला लागले. ते थांबवत नसत. भुवया उडवून "ये, ये" करत.

त्यांच्यामागून मी जे पहिलं अख्खं शिकले, ती पालखी उठायची धून. शिमग्यात रूपं, म्हणजे देवाचे मुखवटे, लावलेली पालखी देवळातून बाहेर पडते तेव्हा वाजवायची. खांदा देणारे आधी खाली वाकतात, दांडा खांद्यावर घेतात, आणि मग सगळे मिळून उठतात. धून तशीच आहे. खाली वाकते, तिथे थोडी थांबते, आणि मग वर जाते. एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारून नाही. घासत, वजन उचलत. बाबा ती वाजवताना त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगायच्या आणि मला लहानपणी भीती वाटायची.

तीच मी एकदा गुरुजींच्या ओटीवर वाजवत बसले होते. क्लास सुरू व्हायचा होता. गुरुजी आतून आले.

"हे काय?"

"पालखी उठायची धून. बाबा वाजवतात."

"हे लग्नघरचं आहे," गुरुजी म्हणाले. "फुंक तुझी चांगली आहे. पण बोटांत लग्नघर आहे. ते आधी काढ."

आणि त्यांनी ते काढायला घेतलं. सूर सरळ. घासायचं नाही, लोंबकळायचं नाही. जरा कुठे बोट घसरलं की, "आलं बघ लग्नघर." पोरं हसायची. मग पोरांनी माझं नावच पाडलं. "ए लग्नघर, तुझी एसटी सुटेल." अनघा हसत नसे, हे सांगायला हवं. ती खाली बघायची.

मी बाबांना सगळं सांगितलं. बासरीचं, काकूंचं, लग्नघराचं. आता शाळा सुटल्यावर क्लासला जाणार नाही, असं मी म्हणाले. बाबा सनईची पत्ती ओली करत बसले होते. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही.

"तुला इद्या पायजे का त्याची थुकी?"

 हा प्रश्न मला पुढे वर्षानुवर्षं पुरला. मी क्लासला जात राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. विद्या गुरुजींकडे होती, हे मी आजही नाकारत नाही. राग कसा उलगडायचा, कुठे थांबायचं, तालाला धरून कसं खेळायचं, हे त्यांनी मला दिलं आणि हातचं राखून दिलं नाही. फक्त बासरी हातात घेतली नाही. माणूस एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने ढकलतो, हे मी त्यांच्याकडेच शिकले.

नंतर पुणं. शिष्यवृत्ती, स्पर्धा, आकाशवाणी, छोटे कार्यक्रम, मग जरा मोठे. बाईने बासरी वाजवायची म्हणजे लोक आधी साडी बघतात, मग फुंक. त्यातूनही निभावलं. पण नाव झालं ते एका संध्याकाळी. राग वाजवून झाला होता, लोक उठेनात. काहीतरी हलकं वाजवा म्हणाले. माझ्याकडे ठुमरीतलं काहीबाही होतं. ते सुचलं नाही. बोटं आपोआप पालखीच्या धुनेवर गेली. आणि मी ती गुरुजींनी सरळ केलेल्या बोटांनी वाजवली नाही. बाबांसारखी वाजवली. घासत, वजन घेऊन. सभागृह असं काही शांत झालं की मला वाटलं, चुकलं काहीतरी.

कोणीतरी मोबाईलवर घेतलं होतं. ते सगळीकडे गेलं. लोकांनी फोनला लावलं, लग्नाच्या व्हिडिओला लावलं, गणपतीत लावलं. परदेशातली माणसं मेसेज करायला लागली. तेव्हापासून आजतागायत माझा एकही कार्यक्रम त्या धुनेशिवाय संपलेला नाही. रागाला अर्धे लोक घड्याळ बघतात, धुनेला रडतात. मला राग येतो त्याचा, पण ते असो.

एका समीक्षकाने लिहिलं, वादनातली ही भारदस्त मींड म्हणजे गुरुपरंपरेची देणगी. मी पेपर हातात घेऊन हसले. जे घासणं काढून टाकायला सांगितलं, तेच देणगी झालं.

मी सांगत होते हो. ज्याने विचारलं त्याला सांगत होते, धून बाबांची आहे, बाबा वाजंत्री आहेत. निवेदक मंडळी गोड माणसं. एक म्हणाले, "वाजंत्री हा शब्द स्टेजवर बरा नाही वाटत, ताई. देवस्थानात संगीतसेवा करतात असं म्हणूया का?" एक बाई म्हणाल्या, "लोकांना संघर्ष आवडतो. काहीच नव्हतं आणि त्यातून तुम्ही आलात, असं ठेवू." तेच राहिलं. घरात संगीताचा गंधही नसताना. मी ते वाक्य खोडायचे, पुढच्या गावात ते पुन्हा उगवायचं. शेवटी ते माझ्या नावाला चिकटलंच. घरात संगीताचा गंधही नसताना! आमच्या घरात मीठ नसायचं कधीकधी. सूर नव्हता असा दिवस मला आठवत नाही.

मग गुरुजी बोलायला लागले. त्यांच्याही मुलाखती व्हायला लागल्या, माझ्यामुळेच. एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं, ती धून मी तिला घालून दिली. मी लगेच फोन केला.

"गुरुजी, ती धून बाबांची आहे."

ते हसले. "अगं, धून काय कोणाच्या बापाची असते? तिला रूप कोणी दिलं? तुला बोटं कोणी दिली?"

 आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. पण तोंडातून निघालं काय, तर "हो गुरुजी." सवय फार वाईट असते. गुरूसमोर आवाज चढत नाही, तो चढू नये म्हणून लहानपणापासून वळण लावलेलं असतं.

गुरुजींना ऐंशी पूर्ण झाली तेव्हा रत्नागिरीत सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा ठरला. पुढाकार अनघाचा. तिने बासरी केव्हाच सोडली होती, पण शहरातल्या कार्यक्रमांचं निवेदन तीच करते. आवाज चांगला आहे, माणूसही चांगली आहे. सोहळ्यात गुरुजींच्या रचनांचं ध्वनिमुद्रण प्रकाशित होणार होतं. तिने फोन केला. "तुझ्याशिवाय होणारच नाही. शेवटी पालखीची धून. लोक त्यासाठीच येतील."

मी म्हटलं, "येते. पण ती धून गुरुजींच्या रचनांत घालायची नाही. स्टेजवरून सांगायचं, ही बाबांची."

"एवढंच ना? सांगते की."

एवढंच. मी बाबांना घेऊन गेले. आई तोवर गेली होती. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, दाढी करून घेतली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "मी कशाला गो?" पण चेहऱ्यावरून हात फिरवत होते. त्यांना पुढच्या रांगेत बसवा असं मी सांगून ठेवलं होतं. मी आत तानपुरा लावायला गेले आणि तेवढ्यात कार्यकर्त्याने त्यांना उठवलं. पुढे निमंत्रित बसणार होते. बाबा मागे दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांना तक्रार नव्हती. वाजंत्र्याला दाराजवळच बरं वाटतं, वारा लागतो म्हणाले नंतर.

पडदा उघडला. गुरुजी बाजूला खुर्चीत, अंगावर शाल, कपाळाला ओवाळणीचं कुंकू. अनघा माईकवर.

"घरात संगीताचा गंधही नसताना, केवळ गुरुकृपेने..."

टाळ्या. मी दाराकडे पाहिलं. बाबाही टाळ्या वाजवत होते. सगळे वाजवतात म्हणून वाजवत होते. आपल्याच घराला काही नव्हतं असं कोणी जाहीर करतंय आणि आपण टाळ्या वाजवायच्या, हे त्यांना खुपत नव्हतं. मला ते बघवेना.

मी राग वाजवला. बरा झाला. फुंक थरथरत होती, ते लोकांना भावपूर्ण वाटलं. मग अनघा पुन्हा आली. मी तिच्याकडे बघत राहिले. आता सांगेल. आता सांगेल.

"आणि आता तो क्षण. गुरुजींची अजरामर रचना, पालखी धून!"

माझ्या हातात बासरी होती. तबलजीने ठेका धरायला हात उचलला होता. मी त्याला खुणेने थांबवलं आणि माईक तोंडाशी ओढला. काय बोलले ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण नंतर मला ते पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

"ही धून गुरुजींची नाही. माझ्या बाबांची आहे. ते त्या दाराजवळ बसलेत. गुरुजींची म्हणून मी ती वाजवणार नाही."

 गुरुजी खुर्चीतून म्हणाले, माईक नव्हता तरी पहिल्या रांगांना ऐकू गेलं असेल, "बाळ, वाजव. शोभत नाही."

"गुरुजी, हे लग्नघरचं आहे. तुम्हीच काढून टाकायला सांगितलंत."

त्यांचा चेहरा पडला. ते विसरले नव्हते. मला वाटलं होतं विसरले असतील, म्हातारं माणूस. नाही. त्यांना पुरतं आठवत होतं.

आणि मग मधल्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अहो, कोणाची का असेना, वाजवा की!" हशा पिकला. टाळ्या सुरू झाल्या, ठेक्यात, मागणीच्या. सगळं सभागृह हसतमुख. त्यांना भांडण नको होतं. त्यांना त्यांची धून हवी होती. खरं सांगते, त्या क्षणी वाजवून टाकणं फार सोपं होतं. वाजवलं असतं तर सगळ्यांनी मला माफ केलं असतं.

कोणाची का असेना. हेच तर ऐकत आले मी. मी बासरी पिशवीत घातली आणि विंगेत गेले.

अनघा मागे मागे आली. डोळ्यांत पाणी. "आजच्या दिवशी तरी नको होतं गं. माणूस ऐंशी वर्षांचा आहे."

"माझे बाबा किती वर्षांचे आहेत, विचारलंस कधी?"

"मला खरंच लक्षात राहिलं नाही. शप्पथ."

मला ते पटलं. तिच्या मनात काळं नव्हतं. तिला खरंच लक्षात राहिलं नव्हतं, आणि लक्षात ठेवायची तिला कधी गरजही पडली नव्हती. मी तिला तिथेच सोडलं. बाबांना शोधायला गेले.

बाबा आधीच गाडीपाशी उभे होते. टोपी हातात. मला वाटलं होतं, काहीतरी म्हणतील. निदान पाठीवर हात ठेवतील. गाडीने हातखंब्याचा फाटा मागे टाकला. मग म्हणाले,

"माज आला तुला."

"बाबा..."

"खाल्ल्या मिठाला जागावा मानसान."

"कोणाचं मीठ खाल्लं आपण? त्यांनी आपल्या हातचं पाणी तरी प्यायलं का कधी?"

"ती धून माजी नाय. देवाची हाय. माजा बापूस वाजवी, त्याचा बापूस वाजवी. आमी कदी नाव नाय लावला."

"म्हणून दुसऱ्याने लावलं."

"लावू दे. देवाला काय फरक पडतो?" मग काचेबाहेर बघत, "पुन्हा माजा नाव चारचौघात घेऊ नको. मला त्याच गावात ऱ्हायचा हाय."

त्यांचं बरोबर होतं. मला पुण्याला निघून जायचं होतं, त्यांना त्याच गावात राहायचं होतं. सोहळ्याला आमच्या देवस्थानातलीही दोन बडी माणसं आली होती. काय झालं ते गावात आमच्याआधी पोचलं. कोणी शिवी दिली नाही. आताच्या काळात कोणी शिव्या देत नाही. शिमगा जवळ आला तेव्हा मानकरी घरी आले, चहा घेतला, कप स्वतः उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "वाजंत्र्यांनू, लेक आता मोठी झाली तुमची. तुम्ही कशाला त्रास घ्यायचा या वयात? यंदा आम्ही बघतो."

त्यांनी काय बघितलं, ते मी ऐकलं. मी त्या वेळी घरीच होते. देवळावर स्पीकर लावला होता. रूपं लागली, गजर झाला, आणि पालखी उठायच्या वेळेला स्पीकरवर धून वाजली. माझीच. माझीच फुंक, माझीच बोटं, त्या मोबाईलमधली. गावाने मला घेतलं होतं आणि बाबांना काढलं होतं. बाबा पडवीत बसले होते. खाली देवळाकडून माझा सूर वर येत होता, खरखरत. मी त्यांच्याकडे बघायची हिंमत करत नव्हते. ते उठले, आत गेले आणि खिडकी लावून घेतली. सनई त्या दिवसापासून भिंतीवर आहे. त्याबद्दल ते माझ्याशी बोललेले नाहीत, आणि मला क्षमाही केलेली नाही. मी त्यांची बाजू घेतली, त्याचा दंड त्यांनी भरला. हे माझ्या छातीवर बसलंय. उतरेल असं वाटत नाही.

मी गप्प बसले असते तर? सनई वाजत राहिली असती. पायरीखाली, पत्र्याखाली. आणि धून मात्र गुरुजींच्या नावाने अमर झाली असती. मी हा हिशेब पुष्कळदा करून पाहिला. प्रत्येक वेळी राग येतो तो माझा नाही, बाबांचा नाही. ज्यांनी आमच्यापुढे हे दोनच रस्ते ठेवले, त्यांचा येतो.

गेल्या आठवड्यात एका मोठ्या महोत्सवाच्या संयोजकांचा फोन आला. सभ्य गृहस्थ. रत्नागिरीचं सगळं त्यांना माहीत होतं.

"ताई, धून हवीच. पण वाद नको. आम्ही पत्रिकेत 'पारंपरिक' असं छापतो. म्हणजे सगळ्यांचाच मान राहील."

चतुर माणूस. ऐकायला ते बाबांच्याच बोलण्यासारखं होतं. देवाची. कोणाचीच नाही. पण बाबांनी देवाची म्हणणं आणि यांनी पारंपरिक म्हणणं एक नाही. बाबा स्वतःचं नाव सोडतात, तो त्यांचा अधिकार. हे दुसऱ्याचं नाव सोडतात. पारंपरिक म्हणजे कोणाचं? ज्याला कधी कोणी नाव विचारलं नाही, त्याचं. जात्यावर दळणाऱ्या बाया, पालखीपुढे वाजवणारे आम्ही, आमचं सगळं पारंपरिक. आणि यांच्या ओटीवर आलं की तीच रचना.

आमच्या गाण्याबजावण्यात एक रीत आहे. गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचा. राग काही गुरूने निर्माण केलेला नसतो, तो त्यालाही कोणाकडून मिळालेला असतो. तरी ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव घ्यायचं, कान धरायचा आणि मगच वाजवायला लागायचं. गुरुजींच्या नावाला मी आयुष्यभर कान धरला. यापुढेही धरीन. राग त्यांच्याकडून घेतले, ते मी खोटं बोलणार नाही. पण माझ्या हजारो श्रोत्यांनी मला बाबांच्या नावाला कान धरताना एकदाही पाहिलेलं नाही. सनईवाल्यासाठी कान धरायची रीत नाही म्हणे. नसेल. आता आहे.

मी त्या गृहस्थांना सांगितलं, "धुनेआधी मी कानाला हात लावून बाबांचं नाव घेईन. आणि पत्रिकेत तेच छापायचं."

"काय छापायचं नक्की?"

"नाव. आणि पुढे वाजंत्री."

"ताई, वाजंत्री हा शब्द छापायचा?"

"छापायचा."

"कमिटीला विचारून सांगतो."

अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाहीत बहुधा. याआधी दोन ठिकाणांहून असंच विचारून सांगणार होते. धून सोडून नुसता राग वाजवा म्हणणारेही भेटले. त्यांनाही मी नाही म्हटलंय. माझी बोटं मी दोन तुकड्यांत विकणार नाही.

बाबा नको म्हणतात. मी त्यांच्या पाया पडेन, पण त्यांचं हे ऐकणार नाही. त्यांना भीती आहे, ती खरी आहे, आणि ती त्यांच्यात कोणी घातली हे मला ठाऊक आहे. म्हणून इथेच लिहून ठेवते, कमिटीचं उत्तर येवो न येवो. पालखी उठायची धून मी घेतली ती गोविंद धोंडू, वाजंत्री, यांच्याकडून. त्यांनी घेतली धोंडू बाबाजी, वाजंत्री, यांच्याकडून. त्यामागची नावं मी शोधते आहे. मिळतील ती सगळी स्टेजवरून घेणार. ज्यांना एवढा वेळ बसवत नसेल त्यांनी धुनेआधी उठून जावं, दार उघडंच असतं.